नवव्या पानावरची चौथी पायरी

टेक्निकल रायटर म्हणजे नक्की काय, हे रुपालीच्या आईला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं, आणि तिने ते कळून घ्यायचा त्रासही घेतला नव्हता. लालबागच्या चाळीत कुणी विचारलंच तर ती सांगायची, "मशीनबरोबर खोक्यात ते पुस्तक येतं ना, कुणी वाचत नाही ते, ते माझी पोरगी लिहिते." रुपाली हसायची. खरं सांगायचं तर त्या "कुणी वाचत नाही"चा तिला थोडा आधारच वाटायचा. चुकलं तरी कुणाच्या लक्षात येतंय, एवढं मनाच्या कोपऱ्यात ठेवून ह्या धंद्यातली कितीतरी माणसं सुखाने नोकरी करतात.

पण ही पुस्तिका वाचली गेली. शब्द न् शब्द वाचली गेली, आणि तेच नडलं.

सोमवारी दुपारी अमित तिच्या टेबलापाशी आला. परळच्या त्या ऑफिसात तो सर्व्हिसचं काम बघायचा. कंपनी बर्फ फोडायच्या मशीन बनवायची. आधी मोठ्या, शीतगृहांसाठी, आणि गेल्या वर्षापासून छोट्या, मासळी विकणाऱ्या बायकांना घरात किंवा बाजारात ठेवता येतील अशा. छोट्या मशीनची सोळा पानांची पुस्तिका रुपालीने लिहिली होती. इंग्रजीवरून उतरवलेली नव्हे, थेट मराठीत. तिचा तिला अभिमान होता.

"एक ॲक्सिडेंट झालाय," अमित म्हणाला. "वरळी कोळीवाड्यात, दोन आठवडे झाले. सोनूबाई म्हणून आहेत, साठीच्या. झाकण उघडून हात घातला, आत पातं फिरत होतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आपल्या पुस्तिकेत वॉर्निंग आहे ना?"

"आहे," रुपाली म्हणाली.

"कुठल्या पानावर?"

"दहा."

"बस. सुटलो मग." त्याने वहीत दहाचा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. "एक काम कर. तूच जाऊन ये. पुस्तिका मिळाली, वाचली, एवढ्यावर त्यांची सही हवीय. मी गेलो तर अंगावर येतील. तू बाईमाणूस, मराठी, नीट बोलतील."

तो गेला. पुस्तिका उघडून बघायची रुपालीला गरज नव्हती. नववं पान उजव्या हाताचं. तिसरी पायरी, बटण बंद करा. चौथी, अगदी तळाशी, झाकण उघडा आणि अडकलेला बर्फ काढा. मग पान उलटायचं. दहाव्या पानावर सगळ्यात वर, जाड चौकटीत: सावधान, बटण बंद केल्यावरही पातं वीस सेकंद फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. मोठ्या मशीनचं झाकण उचललं की पातं जागच्या जागी अडतं. छोटीला ती सोय नव्हती. म्हणून तर ती चौकट.

तिने लिहिली तेव्हा चौकट चौथ्या पायरीच्या वरच होती. छपाईला जायच्या दिवशी कुणाला तरी मशीनचं चित्र मोठं हवं झालं. चित्र वाढलं, चौकट नवव्या पानावर मावेना. पायरी आणि चौकट दोन्ही पुढे ढकलली तर मजकूर सतराव्या पानावर जात होता, आणि पुस्तिकेची पानं चाराचारांनी वाढतात. सतरा म्हणजे वीस. छापखान्याचा माणूस फोनवर ताटकळला होता. तिने एकटी चौकट पलीकडे सरकवली. आत्तापुरती, असं स्वतःला सांगून. मग तपासणीचा कागद समोर आला. "धोक्याची प्रत्येक सूचना त्या कृतीच्या आधी आहे." तिने तिथे बरोबरची खूण केली. हात जरासुद्धा अडखळला नाही. कुठली तरी एक ओळ कापली असती तर दोन्ही सोळा पानांत बसलं असतं, पंधरा मिनिटांचं काम.

अमितने दिलेला सहीचा कागद तिने पर्समध्ये घातला आणि मंगळवारी गेली नाही. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही नाही. ऑफिसात काम होतं, असं म्हणायला जागा होती. ते खोटं होतं हे तिला चारही दिवस माहीत होतं.

शनिवारी दादरला बैठक होती. महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पंधरा-वीस जण जमायचे, सगळे ह्याच धंद्यातले: कुणी दवाखान्यातल्या यंत्रांची पुस्तकं लिहिणारा, कुणी बँकेच्या ॲपची मदतपानं. जमवायचे रमाकांत सर. चाळीस वर्षं पंपांची पुस्तकं लिहून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुसऱ्याच्या चुका जिलबीसारख्या चवीने खायचा. त्यांच्या बैठकीची एक रीत होती. एकाने पुस्तिका मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पान न बघता, ऐकू येईल तेवढंच आणि तेव्हाच करायचं. रुपाली गेली दहा वर्षं आपली प्रत्येक पुस्तिका छपाईआधी ह्या चरकातून काढायची. ही एकच राहिली होती. त्या महिन्यात घाई होती.

त्या दिवशी नूपुरने पिशवीतून नेमकी तीच काढली. नूपुर रुपालीच्या हाताखाली वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी. तिला अपघाताची काही खबर नव्हती. आपल्या ताईचं काम सगळ्यांना दाखवावं, एवढाच भाबडा उत्साह.

"आज ही घ्या ना सर. थेट मराठीत लिहिलेली."

रुपालीला "नको" म्हणता आलं असतं. मशीन म्हणून कुणाचा तरी स्टीलचा डबा टेबलावर आला. नूपुर डब्यापाशी उभी राहिली, रमाकांत सर चष्मा सारखा करून वाचू लागले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. भाषा बघा, सर मध्येच म्हणाले, कशी घरातल्यासारखी आहे. मग चौथी. नूपुरने झाकण उघडलं, हात डब्यात घातला. सरांनी पान उलटलं आणि वाचलं, "सावधान."

पुढचं वाचेपर्यंत खोलीत हशा पिकला. "गेला नूपुरचा हात," मागून कुणीतरी म्हणालं. नूपुर स्वतः हसत होती, बोटं मुडपून दाखवत होती. वाईट मनाचं कुणीच नव्हतं तिथे.

रमाकांत सर हसले नाहीत. "हे असंच छापलंय?" त्यांनी विचारलं.

"ती पहिल्या काही प्रतींतली चूक होती सर," रुपाली म्हणाली. "नंतर बदललं."

"मग ठीक."

दुसरी छपाई झालीच नव्हती. हे त्या खोलीत दोघींना ठाऊक होतं. नूपुरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुस्तिका मुकाट्याने पिशवीत ठेवली. त्या पोरीला आपण आज काय शिकवलं, हे रुपालीला घरी जाईपर्यंत छळत राहिलं.

रविवारी सकाळी ती कोळीवाड्यात गेली.

सोनूबाईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ओटीवर जाळी पसरली होती, मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. म्हातारी खाटेवर बसली होती, उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. दादरच्या बाजारात चाळीस वर्षं सुरमई कापणारा हात तो. सून शेफाली तिशीच्या आतली, बारावी शिकलेली, आतून पाणी घेऊन आली आणि कंपनीचं नाव ऐकताच पेला हातात धरून उभीच राहिली.

"सही पाहिजे ना?" ती म्हणाली. "द्या, करते. चूक माझीच हाय."

"तुमची कशी?"

"आईंना वाचता येत नाय. बर्फ अडकला तेव्हा त्या मशीनपाशी, मी इथे उंबऱ्यावर पुस्तक घेऊन. मी एक वाचायची, त्या एक करायच्या. मी वाचलं झाकण उघडा, त्यांनी उघडलं. मग मी पान उलटलं." तिने बोट जिभेला लावून दाखवलं. "बोट ओलं करून उलटायला लागते ना पान, चिकटतात. तेवढा येळ लागला. पटकन उलटलं असतं तर सांगितलं असतं त्यांना."

"शेफाली..."

"सगळे हेच बोलतात. माझा नवरा, नणंद. शिकलेली सून आणून काय फायदा, वाचून दाखवता येत नाय धड. आई काय बोलत नाय. पण आता औषधाची चिठ्ठी आली तरी शेजारच्या पोराला बोलावतात वाचायला."

म्हातारीने नजर दाराकडे वळवली. रुपालीने पर्समधला कागद काढला होता तो तसाच हातात राहिला. इतके दिवस तिला वाटत होतं की ही चूक आपल्या छातीवर बसली आहे. ती इथे बसली होती, ह्या मुलीच्या छातीवर, तीन आठवडे, आणि घरातल्या माणसांनी वरून दाबून धरली होती.

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "मी लिहिलंय ते पुस्तक."

शेफालीला ते काही पटलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून बोलता तुम्ही, मॅडम. वॉर्निंग होती त्याच्यात. मी बघितली ना नंतर. रोज बघते."

"होती. चुकीच्या जागी होती. पायरीच्या आधी लागते ती. वाचणारा आणि करणारा वेगळे असू शकतात, हे धरूनच लिहायचं असतं. आम्हाला शिकवतातच तसं. तुम्ही पुस्तक वाचलंत ते जसं वाचायला हवं अगदी तसंच वाचलंत. मी पानं वाचवायला ती चौकट पलीकडे ढकलली."

"ढकलली म्हणजे? चुकून गेली?"

इथे "हो" म्हटलं असतं तर निम्मं ओझं उतरलं असतं. चुकून ह्या शब्दाला सगळे माफ करतात.

"नाही," रुपाली म्हणाली. "मला माहीत होतं."

"कधी?"

"छापायच्या आधी."

शेफालीने पेला खाली ठेवला. ती रडेल, ओरडेल, निदान दाराबाहेर तरी काढेल असं रुपालीला वाटलं, आणि तिला ते हवंही होतं. कुणी तरी एकदा ओरडावं म्हणजे मोकळं व्हायला होतं. पण सोनूबाईच बोलल्या, खाटेवरून, आवाज न चढवता.

"ही काय बोलली ते रातच्याला समद्यांसमोर बोलेल काय? माझ्या पोरासमोर?"

"बोलेन, मावशी. लिहूनही देते."

तिने सहीचा कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर पर्स ठेवून, चार ओळी लिहिल्या: सूचना कुठे हवी होती, कुठे होती, कुणी हलवली, आणि शेफालीने पुस्तिका बरोबर वाचली. खाली पूर्ण नाव आणि सही. ह्या कागदाने नोकरी जाईल, एवढं तिला लख्ख कळत होतं. तरी लिहिताना आठवड्यात पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला आणि त्या बरं वाटण्याचीही तिला लगेच लाज वाटली. बोटं कुणाची गेली होती आणि मोकळं कोण होत होतं.

शेफालीने कागद घेतला, स्वतःशी वाचला, सासूच्या उशीखाली ठेवला. मग वळून तिने विचारलं, "किती छापलीत?"

"काय?"

"पुस्तकं. असली."

"आठशे."

"मग बाकीच्यांना सांगितलं का कोणी?"

सोमवारपासून ह्या घडीपर्यंत, सहा दिवस, रुपाली आपल्या खुणेचा, आपल्या सहीचा, आपल्या खोटेपणाचा विचार करत होती. सकाळी चहा पिताना, बैठकीत, इथे येताना. उरलेल्या सातशे नव्याण्णव मशीनपाशी कुणीतरी उभं आहे, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. पश्चात्तापाच्या नावाखाली ती आठवडाभर स्वतःचेच लाड करत होती.

"नाही," ती म्हणाली.

"आज रविवार हाय," शेफाली म्हणाली. "सगळ्या बाया बाजारात हायत. बर्फ फोडतायत."

रुपाली ओटीच्या पायरीवर बसली. पुस्तिका कशी वाटली हे विचारायला तिने मागे गिऱ्हाइकांची यादी मागवून घेतली होती. ती मोबाईलमध्येच होती. पहिलं नाव भायखळ्याच्या एका बाईंचं होतं. अमितला आधी कळवावं, असं क्षणभर वाटलं. त्याचं उत्तरही लगेच ऐकू आलं: लेखी काही देऊ नकोस, सोमवारी बघू. तिने भायखळ्याचा नंबर लावला.

बराच वेळ रिंग गेली. उचलला तेव्हा पलीकडे बाजाराचा गलका आणि त्यात मशीनची घरघर होती.

"ताई, बर्फाच्या मशीनच्या कंपनीतून बोलतेय. आधी मशीन बंद करा. झाकणाला हात लावू नका."

"का गं? काय झालं?"

"सांगते. पातं दिसतंय का तुम्हाला? ते थांबेपर्यंत माझ्याशी बोलत राहा."

घरघर बारीक होत गेली. शेफाली मागे येऊन उभी राहिली होती. ती हलक्या आवाजात आकडे मोजत होती. वीस झाल्यावर तिने रुपालीच्या खांद्याला हात लावला.

"आता पुस्तक काढा," रुपाली फोनमध्ये म्हणाली. "नववं पान. जवळ पेन आहे कुणाकडे? मी सांगते ते चौथ्या पायरीच्या वर लिहायचंय. खाली नाही ताई. वर."