वाक्यात उपयोग

"परत म्हण," धोंडिराम म्हणाला आणि त्याने बिडी उंबऱ्याबाहेर चिरडली.

नंदाने वाक्य इंग्रजीत म्हटलं. बापाची नजर बघून लगेच मराठीतही सांगितलं, "दार उघडं दिसताच ती धावत सुटली."

"आणि तो शब्द काय म्हणालीस?"

"डॅश, बाबा. म्हणजे झटकन धावत जाणं. उद्या क्लासात बाई एकेकीला उभं करून अर्थ विचारणार, नि वाक्यात उपयोग करायला लावणार."

अर्थापर्यंत ठीक होतं. पण उपयोग ऐकून धोंडिरामच्या मनात पाल चुकचुकली. मांजर धावतं, ससा धावतो, पोरं शाळेत धावतात. जगात धावणाऱ्यांची काय वानवा आहे? मग या कार्टीला नेमकी दारातून पळणारी बाईच कशी सुचते? गेल्याच महिन्यात घाटकोपरच्या या चाळीतून अंबादासची शकु एका टेम्पोवाल्याबरोबर पळाली होती. तेव्हापासून मुलींचे बाप कान टवकारून बसत. संपात गिरणीची नोकरी गेली, कुठल्याशा कंपनीच्या गेटवर सलाम ठोकायची वेळ आली, तेही धोंडिरामने मुकाट्याने गिळलं होतं. आता अब्रू तेवढी उरली होती, आणि तिच्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"दुसरं सांग."

"तो झोपलेला बघून ती एस.टी. गाठायला धावली."

"तो कोण?"

"कुणी नाही हो. वाक्यातला."

"वाक्यातला! मला शेंडी लावतेस? कोण शिकवतो गो तुला हे? क्लासला पोरगे येतात?"

नंदाचे डोळे भरले. तिने चुलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे तिची आई, मालन, पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

"तिकडे काय बघतेस? उद्यापासून क्लास बंद! मे महिन्यात गावी नेतो आणि पहिलं येईल त्या स्थळाला उजवून टाकतो."

"नको ना बाबा! इंग्रजी जमलं की ऑफिसात लागशील, असं बाई म्हणतात."

"आधी त्याचं नाव सांग."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"सांग गो नाव," मालन म्हणाली. "मालन धोंडिराम."

धोंडिराम हसला. "तुला कधीपासून इंग्रजी यायला लागलं?"

"मला कुठलं इंग्रजी? पोरीला वाक्यं सुचत नाहीत. रोज मागे लागते, आई एक सांग ना. मी आपलं मराठीत सांगते, ती त्याचं इंग्रजी करते." मालनने तव्यावरची भाकरी उलटली. "क्लास बंद करू नका तिचा. तिचं काही नाही त्यात."

धोंडिरामला भयंकर राग आला होता, पण तो काढावा कुणावर तेच कळेना. इतकी वर्षं बायकोची ही पाठ तो रोज बघत आला होता. आज ती त्याला ओळखीची वाटेना. नंदा खाली मान घालून बसून राहिली.

"आणि ती बाई," शेवटी त्याने विचारलं, पण आवाज पुरता खाली गेला होता, "एस.टी. गाठून जाते कुठं?"

"ते अजून सुचलं नाही," मालन म्हणाली. "सुचलं की नंदाला सांगेन."