खांद्यावरचं बोट

औरंगपुऱ्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. फोटोतल्या माणसाच्या मागचं काढायचं, हाच दिवसभराचा धंदा. कुणाच्या मागची म्हैस काढ, कुणाच्या मागची सासू. सासू काढायला लई गिऱ्हाईक.

पण त्या दुपारी लासूर स्टेशनहून नानासाहेब आले अन् मी माऊस सोडून उठलो. त्यांचा धाकटा भाऊ पुंजाराम, माझा तीस वर्षांचा दोस्त, सहा दिवसांमागं गेला होता. दहाव्याला चौकात फ्लेक्स लावायचा होता.

"हसरा फोटो हा एकच हाय. वेरूळचा," नानासाहेबांनी मोबाईल पुढं केला.

हसरा असणारच. पुढचा दात तुटल्यापासून पुंज्या फोटोत तोंड मिटून उभा राहायचा. म्हणून मी बाजूनं करंगळीनं त्याच्या मानेला गुदगुल्या केल्या होत्या. फोटोत मी नव्हतो, त्याच्या खांद्यावर माझा हात तेवढा होता.

"मागचं समदं काढ. अन् तुझा हात बी काढ," नानासाहेब म्हणाले. "मोठी माणसं येतेत. तिथं तरी चावटपणा नको."

"व्हय, नाना."

डोळे चुरचुरत होते. सहा दिवस नीट झोप नव्हती. मागची लेणी काढली, माणसं काढली, कणीसवाला काढला. मागचं काढलं की कॉम्प्युटर तिथं करड्या-पांढऱ्या चौकड्या दाखवतो. म्हणजे इथं काहीच नाय. मग हात काढायला घेतला, तर पुंज्याच्या खांद्यातच चौकड्या. हाताखालचा सदरा फोटोत आलाच नव्हता ना.

नानासाहेब चहाला गेले. दुसऱ्या खांद्याचा सदरा उचलून मी ते भोक बुजवायला बसलो. पंजा अन् चार बोटं काढून बुजवली. कॉलरपाशी करंगळी राहिली, तिच्यापाशी माझा हात चालंना. तसंच छापायला टाकलं. नानासाहेबांनी दारातूनच बघितलं अन् मान डोलावली.

दहाव्याला सकाळीच पुंज्याच्या बायकोचा, आशाबाईचा फोन.

"भाऊजी, ह्यांच्या कॉलरपाशी कुणाचं तरी बोट हाय."

"माझंच हाय, वहिनी. गुदगुल्या करतानाचं."

"आता तरी सोडा की त्यांना!"



"येतो अन् वरून पट्टी चिटकवतो," मी कसंबसं म्हणालो.

तिकडून बायांचा गलका ऐकू येत होता.

"राहू द्या," वहिनी मग म्हणाली. "ते काढलं तर उगंच येड्यासारखं हसल्यागत दिसतील. तुम्ही जेवायला या."