भिंतीपलीकडची उजळणी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला यशोधरा नापास झाली, तेव्हा कीर्ती मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "तू नुसतं वाचत बसतेस. पुस्तक मिटून मोठ्याने सांगत जा. थोडे दिवस गेले की तेच परत सांग. नाही आठवलं, तर मगच पुस्तक उघड."

सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये दुपारी घरी कोणी नसायचं. यशोधरा भिंतीकडे तोंड करून रक्ताभिसरण सांगू लागली आणि मध्येच अडली.

"फुप्फुसातून रक्त परत कुठे जातं?" भिंतीपलीकडून एका बाईने विचारलं.

शेजारी कोणी राहायला आलं असेल, असं समजून यशोधराने आठवून उत्तर दिलं. मग ती बाई रोज विचारू लागली, जुने धडेसुद्धा. यशोधराच्या डोक्यात सगळं पक्कं बसत गेलं.

ती पास झाली आणि पेढे घेऊन शेजारी गेली. दाराला कुलूप होतं.

"हा फ्लॅट विकलाच नाही अजून," वॉचमन किसनकाका म्हणाले. तिला पटेना, म्हणून त्यांनी दार उघडून दाखवलं. आतल्या धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, यशोधराच्या बंद घरातून, तोच आवाज आला. "मूत्रपिंडाचं काम सांग बघू."

किसनकाका जिन्याकडे पळाले. यशोधरालाही पळायचं होतं, पण पाय हलेनात. तिचं तोंड आपोआप उघडलं आणि ती न अडखळता उत्तर सांगू लागली.