गाढवाने पाहिलेला नाताळ

मित्रांनो, मी गाढव आहे. आधी पोटभर हसून घ्या, मग पुढचं सांगतो.

मी एक जुनं लाकडी गाढव आहे, तुमच्या तळहातावर मावेल एवढं. या घरचे आजोबा सुतार. आई तान्ही असताना तिचा पाळणा करून जे लाकूड उरलं, त्यातून त्यांनी नाताळचा देखावा कोरला. मरिया, योसेफ, मेंढ्या, एक बैल, गव्हाण, गव्हाणीत निजवायला अंगठ्याएवढं बाळ आणि सगळ्यांत शेवटी मी. शेवटी म्हणजे लाकूड संपत आलं तेव्हा. त्यामुळे माझे पाय आखूड झाले आणि शेपूट तर राहूनच गेलं. तरी आजोबांनी फुंकर मारून माझ्यावरचा भुसा उडवला आणि म्हणाले, "हे सगळ्यांत बरं जमलंय." बैलाला हे आजतागायत मान्य नाही.

वर्षातले अकरा महिने आम्ही जुन्या टॉवेलात गुंडाळलेले, खोक्यात. बैलाचं शिंग माझ्या पोटात. गाऱ्हाणं सांगायचं कोणाला? एकदा त्या खोक्यावर कोणीतरी इस्त्री ठेवली आणि माझा एक कान गेला. आई मोठी झाली, कामाला लागली, तेव्हा तर काही वर्षं आम्हाला कोणी बाहेरच काढलं नाही. मला वाटलं, आपला कारभार आटोपला. मग घरात ताईचा जन्म झाला आणि खोकं उघडलं. त्या दिवशी उजेड डोळ्यांत गेला तरी मला फार बरं वाटलं.

या घराची एक रीत आहे. देखावा आधीच मांडतात, पण गव्हाण रिकामी ठेवतात. बाळ शेजारीच एका काडेपेटीत, कापसावर निजलेलं असतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे घरी आले, दिवे लागले, की सर्वांत धाकट्या मुलाने ते उचलून गव्हाणीत ठेवायचं. मगच बाबांनी भाजलेला गोड पाव कापायचा. बाळ आल्याशिवाय पाव नाही, म्हणजे नाहीच.

हा मान आजवर ताईचा होता. तिचा धाकटा भाऊ, बारक्या, हाती लागेल ते तोंडात घालायचा, म्हणून त्याच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. यंदा तो चार वर्षांचा झाला, तेव्हा बाबांनी सकाळीच जाहीर केलं की बाळ बारक्या ठेवणार. ताई सात वर्षांची. तिने पाय आपटला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की बाळ माझं आहे, मी देणारच नाही. दुपारी मात्र तिनेच बारक्याच्या हातात एक बटण दिलं आणि बाळ कसं अलगद ठेवायचं याची तालीम करवून घेतली. हे पाहायला तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

बाबा बस चालवतात. स्वयंपाकघरात त्यांचा पराक्रम वर्षातून एकदाच, या पावापुरता. त्यांनी पीठ मळून साच्यात घातलं, वर फडकं टाकलं आणि आमचा देखावा ज्या कपाटावर मांडला होता, तिथेच साचा उबेच्या कोपऱ्यात ठेवला. बारक्याने विचारलं, पांघरूण कशाला? बाबा म्हणाले, ऊब लागली की ते मोठं होतं. थोड्या वेळाने बारक्याने स्टुलावर चढून फडकं उचलून पाहिलं. पीठ खरंच दुप्पट झालं होतं. मग त्याने काडेपेटी उघडून बाळाकडे पाहिलं. बाळ फारच लहान आहे, ही त्याची जुनी तक्रार. त्याने बाळ पिठात खोल दडपलं, वरून थापटलं आणि फडकं नीट पांघरलं.

मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडायचा प्रयत्न केला. पण लाकूड ते लाकूड. थोड्या वेळाने बाबा शीळ घालत आले आणि स्वतःच्या हातांनी तो साचा ओव्हनमध्ये ठेवून गेले. बारक्या ओव्हनसमोर मांडी ठोकून बसला.

संध्याकाळी आई दवाखान्यातून आली. ती नर्स आहे. दिवे लागले, काडेपेटी उघडली, तर आत नुसता कापूस. सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या.

"ताई, बाळ कुठे ठेवलंस?" बाबांनी विचारलं.

"मी नाही घेतलं."

"सकाळी कोण म्हणत होतं, मी देणार नाही?"

ती पुन्हा म्हणाली, मी नाही घेतलं. बाबा म्हणाले, खोटं बोललेलं मला चालणार नाही. ती दाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. आईने, अंगावर कामाचेच कपडे, कपाटाखाली हात घालून एक मोजा आणि अर्धा कंगवा काढला. बारक्याला मात्र कोणी काही विचारलंच नाही. लहान आहे, त्याला काय कळतंय! शेवटी आजोबा चाकू आणायला उठले. म्हणाले, एवढं काय, आत्ता नवं बाळ कोरून देतो.

"नको आजोबा," ताई भिंतीकडे बघतच म्हणाली. "नवं केलंत तर मी चोरच राहीन."

आजोबा होते तिथेच थांबले. मला इतकं वाईट वाटलं, की उरलेला कानही गळून पडता तर बरं झालं असतं.

इकडे बारक्याचं टुमणं सुरू होतं, पाव काढा, पाव काढा. आई म्हणाली, पोरं भुकेली आहेत, रीत राहू दे आज. बाबांनी पावात सुरी घातली. ती मध्येच अडली. त्यांनी पाव हातांनी फोडला आणि आतून बाळ निघालं, खरपूस भाजलेलं.

बारक्याने वाकून पाहिलं. "एवढंसंच राहिलं," तो हिरमुसून म्हणाला.

आई हसता हसता खाली बसली. आजोबांचा चष्मा घसरला. बाबा मात्र हसले नाहीत. ते दारापाशी गेले आणि ताईसमोर जमिनीवर बसले.

"चुकलो मी. तू खरं सांगत होतीस."

ताईने नाक पुसलं. उठली, बाळाला चिकटलेला पाव निगुतीने काढला आणि ते बारक्याच्या हातात दिलं. "ओव्हनमध्ये कोणी मोठं होत नाही रे. रोज जेवू घालावं लागतं." मग तिने त्याला कमरेला धरून उचललं आणि त्याने बाळ अलगद गव्हाणीत ठेवलं. ताज्या पावाचा वास माझ्या नाकाशी आला. इतक्या वर्षांत एवढा आनंद मला झाला नव्हता. बैलसुद्धा त्या दिवशी खूश दिसला.

मित्रांनो, आम्हाला नीट गुंडाळून ठेवा, खोक्यावर इस्त्री ठेवू नका, हे तर आहेच. पण कोणी "मी नाही घेतलं" म्हणालं, तर आधी त्याचं ऐकून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांत लहानालाही विचारा. हे सांगायला गाढव कशाला हवं, असं म्हणाल. पण त्या संध्याकाळी घरात तीन शहाणी माणसं होती, आणि बाळ कुठे आहे ते ठाऊक होतं फक्त एका बारक्याला आणि एका गाढवाला.