पिवळ्या पाठीचं पुस्तक

आमच्या घरात नुसतं 'प्रकाशन' म्हटलं की एकच. जगात दुसरे प्रकाशक आहेत हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे, पण ते त्याच्या खिजगणतीत नाहीत. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. दिवसभर वंगणात हात घालतो, संध्याकाळी ते हात साबणाने खसाखसा धुतो, आणि मग पुस्तकाला हात लावतो. पुस्तक अर्थातच 'प्रकाशना'चं.

लेखक कोण, हे तो बघतच नाही. नवीन पुस्तक आल्याचा निरोप फोनवर आला की डोळे झाकून मागवतो. त्या निरोपासाठी फोनमध्ये वेगळी घंटी लावून ठेवली आहे, माझा फोन आला तर तशी वेगळी वाजत नाही. त्याच्यासारख्या वाचकांचा एक गट आहे. 'प्रकाशना'ने मुखपृष्ठाचा कागद बदलून चकचकीत केला तेव्हा त्या गटात अशी जुंपली होती, की दोन जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. वाचक मेळाव्याला हा पहिल्या रांगेत बसतो आणि संपादकबाईंना लांबून बघून परत येतो. जाऊन बोल की, असं मी म्हटलं तर म्हणतो, त्यांचा वेळ कशाला घालवायचा.

एखादं पुस्तक अगदीच रटाळ निघालं, तरी त्याची तक्रार नसते. "मलाच कळलं नसेल," म्हणतो आणि कपाटात ठेवून देतो. स्वयंपाकाच्या बाबतीत मला ही सवलत कधी मिळालेली नाही.

याच्या उलट पिवळे, म्हणजे दुसरे एक प्रकाशक. त्यांच्या पुस्तकांच्या पाठी भडक पिवळ्या असतात, आणि ती बस स्टँडवर, औषधांच्या दुकानात, वजनकाट्याशेजारी टांगलेली मिळतात. नवऱ्याच्या लेखी ती पुस्तकं नव्हेतच. सासूबाई मात्र ती चवीने वाचतात आणि तो घरात शिरला की उशीखाली सरकवतात. सत्तरी ओलांडलेली बाई मुलाच्या धाकाने पुस्तक लपवते, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे झगे यांचा सगळा हिशोब माझ्याकडे. त्या खोलीवर आणि तिथे काम करणाऱ्या बायांवर मी एक कादंबरी लिहिली. मी काहीतरी खरडते एवढंच घरी माहीत होतं. पूर्ण झाल्यावर नवऱ्याला न सांगता 'प्रकाशना'कडे पाठवली. सांगितलं असतं तर परीक्षा त्याचीच असल्यासारखा तो घरभर फिरत राहिला असता.

उत्तर यायला बराच काळ गेला. लेखन प्रामाणिक आहे, पण आमच्या यादीत बसत नाही, असं संपादकबाईंनी कळवलं. मी चादरींच्या मांडणीआड बसून मनसोक्त रडले, तोंड धुतलं आणि कामाला लागले. मग चिडून कादंबरी पिवळ्यांकडे धाडली. त्यांच्या मालकाचा स्वतः फोन आला. तो काहीतरी खात खात बोलत होता. म्हणाला, बाई, रडवलंत, एक शब्द काढणार नाही, फक्त नाव बदलू. मी दिलेलं साधं नाव गेलं आणि 'चादरीआड कोण?' असं आलं. मुखपृष्ठावर एका बाईचा मोठ्ठा डोळा. माझ्या पुस्तकात चादरीआड कोणीही नाही.

तरी पुस्तक हातात आलं तेव्हा मी हरखून गेले. नवराही मनापासून खूश झाला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, कंपनीत सांगितलं, माझी पाठ थोपटली. फक्त वाचलं नाही. ते टीव्हीशेजारी पडून राहिलं. विचारलं की म्हणायचा, निवांत वेळ काढून वाचतो. त्याला निवांत वेळ कशासाठी मिळतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मला कौतुक नको होतं. 'प्रकाशना'चं पुस्तक तो जसं वाचतो, हात धुऊन, ताठ बसून, बाकी सगळं विसरून, तसं त्याने माझं एकदा वाचावं एवढंच हवं होतं. या घरात वाचणं म्हणजे काय ते मी त्याच्याकडूनच शिकले होते.

शेवटी मीच खाकी कागद आणला आणि पुस्तकाला कव्हर घातलं. डोळा गेला, नाव गेलं, पिवळी पाठ गेली. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते त्याच्या हातात दिलं आणि समोर बसून मटार सोलायला घेतले. तोही समजला. उठून हात धुऊन आला.

मटार कधीच सोलून झाले, मी सालीच इकडून तिकडे करत होते. मुकादम बाई अभ्र्यांवरून मोठ्या डॉक्टरांना झापते, तिथे तो मोठ्याने हसला. सासूबाई आतून काय झालं बघायला आल्या. चहा निवला, तो तसाच प्यायला. शेवटाकडे त्याने दोनदा चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मला इतका आनंद झाला होता की काय करावं कळेना.

पुस्तक मिटून त्याने खाकी कव्हरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "हे 'प्रकाशना'ने काढायला हवं होतं. त्यांच्याकडे का नाही पाठवलंस?"

यापेक्षा मोठी शाबासकी त्याच्यापाशी नाही. ती पदरात पाडून घ्यायची आणि गप्प बसायचं, एवढंच मला करायचं होतं. पण माझी जीभ कुठली ऐकते.

"पाठवलं होतं," मी म्हटलं. "नको म्हणाले."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. कोणी नको म्हटलं, त्याने विचारलं. संपादकबाईंनी स्वतः, मी सांगितलं. त्यांनी पूर्ण वाचलं होतं का? वाचलं होतं, तसं त्यांनी लिहिलंही होतं.

"मग काहीतरी असेल," तो म्हणाला.

"काय असेल?"

"ते बघायला हवं."

माझं डोकंच फिरलं. तुला आवडलं की नाही तेवढं सांग, मी म्हटलं, बाईंचं राहू दे. आत्ता हसलास ना, चष्मा पुसलास ना?

"आवडलं ना," तो म्हणाला. "म्हणून तर. मला आवडलं आणि त्यांना नाही, म्हणजे माझ्या नजरेतून काहीतरी सुटलंय."

तो हे अगदी प्रेमाने बोलत होता. त्याला मला मदतच करायची होती. दोष सापडला की तो काढता येईल, पुढच्या वेळी ते घेतील, असं तो मला समजावत होता. याच्यावर ओरडायचं तरी कसं, मला कळेना. मी मटारचं भांडं आत नेऊन ठेवलं.

परत आले तेव्हा तो टेबलाशी पेन्सिल घेऊन बसला होता. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. मुकादम बाईच्या प्रसंगाशी तो थांबला. या वेळी हसला नाही. ती ओळ परत एकदा वाचली आणि तिच्याखाली जपून रेघ मारली.