दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये

बसमधून उतरल्यावर लिफ्टवाल्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि चेहरा शक्य तितका परका केला. पण लहान गावात असली सोंगं चालत नाहीत. स्टँडवरचा चहावाला लांबूनच ओरडला, "या, या! परत अडकली वाटतं?" न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून दारातून मान बाहेर काढली. "मी सांगतो तुम्हाला, मोटर उलटी बसवलीय." सायकलवाल्याचं म्हणणं होतं की तेल कमी पडतंय. आणि पोस्टाच्या पायरीवर बसलेल्या म्हातारबुवांचं ठाम मत होतं की देवाने पाय दिलेत ते जिन्यासाठी.

गावात लिफ्ट एकच. त्यामुळे ती चालू असली की सगळ्यांची असायची आणि बंद पडली की एकट्या लिफ्टवाल्याची.

ती होती बाजारपेठेतल्या कपड्याच्या दुकानात. खाली कापड, पहिल्या मजल्यावर तयार कपडे, दुसऱ्यावर मालाची खोली आणि तिसऱ्यावर शेठचं बिऱ्हाड. गठ्ठे वर न्यायला आणि आईच्या गुडघ्यांना आराम म्हणून शेठने हौसेने लिफ्ट बसवली. सुरुवातीला निम्मं गाव काहीही न घेता वर जाऊन खाली आलं. उरलेल्या निम्म्याला जरा लाज होती, त्यांनी एकेक रुमाल घेतला.

अलीकडे मात्र लिफ्टने भलताच हट्ट धरला होता. अडकायची ती दुपारीच, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच, आणि आत शेठची बायको असतानाच. तासभराने आपोआप सुरूही व्हायची, जणू काही झालंच नाही. लिफ्टवाला दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने दाराचा कॉन्टॅक्ट बदलला, दोर पाहिले, ब्रेक पाहिला, स्वतः खालीवर करून करून त्याला मळमळायला लागलं. लिफ्ट गुणी बाळासारखी चालली. तो परतीच्या बसमध्ये बसतो न बसतो तोच शेठचा फोन, "अडकली!"

शेवटी कंपनीतल्या साहेबांनी त्याला समोर उभं केलं. "या खेपेला दोष सापडला नाही, तर तुमची फिरती बंद. गोडाऊनमध्ये बसायचं, नटबोल्ट निवडत."

आता गोडाऊन म्हणजे काही काळं पाणी नव्हे. पगार तोच, वर पंखा. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. पण लिफ्टवाल्याला गोडाऊन नको होतं, आणि त्याचं कारण त्याने जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची एक खोली असते. काम झालं की तो आतून कडी लावायचा, उपडी बादली घेऊन बसायचा, थर्मासमधला चहा ओतायचा आणि काहीही करायचा नाही. घरी दोन खोल्यांत पाच माणसं. गोडाऊनमध्ये डझनभर माणसं आणि एक रेडिओ. नोकरी गेली असती तर त्याने दुसरी शोधली असती. ही कडी गेली तर दुसरी कुठे मिळणार होती?

या काळजीपायी सकाळी त्याने बायकोवर उगाच तोंड टाकलं होतं. ती धुणं घेऊन गच्चीवर गेली ती लवकर खाली येईना आणि डबा भरायचा राहिला. "चार शर्ट वाळत घालायला तास लागतो? दोरीवरच इस्त्री करतेस की काय?" बायकोने डबा भरून हातात दिला. तो अख्ख्या प्रवासात चुटपुटत होता. अर्थात फोन करण्याइतका नव्हे.

शेठ गल्ल्यावरून उठूनच आला. गोल, घामेजलेला, भला माणूस. "बघा बुवा, मला लोकांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बायकोला कोंडून ठेवतो असं बोलायला लागलेत. आज काय तो सोक्षमोक्ष लावा, नाहीतर मी साहेबांना फोन लावतो. ही काढून टाकतो आणि आपोआप लागणाऱ्या दारांची नवी बसवतो, दुसऱ्या कंपनीची."

"आज मी खाली थांबतच नाही," लिफ्टवाला म्हणाला. "मी वर मशीनपाशी बसतो. तुम्ही नेहमीसारखे वागा. मी आलोय हे घरात कोणाला सांगू नका."

त्याने जिन्याने गच्ची गाठली, मशीनच्या खोलीत शिरला, सवयीने कडी लावली आणि बादली उपडी केली. समोर पॅनेलवर बारीक दिवे. त्यातला एक दाराचा. लिफ्टचं जाळीचं दार नीट लागलेलं असलं की तो पेटलेला राहतो. दार जरासं जरी उघडलं की दिवा जातो आणि लिफ्ट जागीच थांबते. कॉन्टॅक्ट खराब असला तर हाच दिवा फडफडतो. लिफ्टवाला त्याच्याकडे डोळे लावून बसला.

दुपारी जेवणं आटोपल्यावर मशीन घरघरलं. लिफ्ट वर येऊ लागली. पहिला मजला गेला. दुसरा गेला. आणि दिवा गेला.

फडफडला नाही, काही नाही. नीट, शांतपणे, कोणीतरी विझवावा तसा गेला. लिफ्ट थांबली.

लिफ्टवाला अलगद गुडघ्यांवर बसला आणि दोर खाली जातात त्या भोकाला त्याने कान लावला. आधी एक लांबलचक "हुश्श" ऐकू आलं. मग चपला काढल्याचा आवाज. मग कागदाची पुडी सुटल्याचा. आणि मग, कुडुम् कुडुम्.

"सूनबाई!" तिसऱ्या मजल्यावरून शेठच्या आईचा खणखणीत आवाज आला. "अडकलीस का गं?"

"हो ना आई! अडकले!" आतून रडवेला आवाज आला. पाठोपाठ कुडुम्.

"अगं बाई! घाबरू नकोस हो! कोणी जिन्यात गर्दी करू नका रे, तिला गुदमरायला होतं!"

लिफ्टवाल्याला आधी संताप आला. दोनदा बदललेले कॉन्टॅक्ट आठवले, साहेबांचं तोंड आठवलं, गोडाऊनमधला रेडिओ आठवला. मग त्याने भोकाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, दाणे खारे की साधे?"

खालचं कुडुम् थांबलं. "कोण?"

"लिफ्टवाला."

"...साधे. भाजलेले."

"दार किती उघडलंय?"

"चार बोटं." मग आवाज आणखी बारीक झाला. "सांगणार का तुम्ही?"

"न सांगून कसं चालेल? तुमचा खेळ होतो आणि माझी फिरती जाते. दोष सापडला नाही तर मला गोडाऊनमध्ये बसवणार आहेत."

"अगं आई गं," ती म्हणाली. "हे नव्हतं हो माझ्या डोक्यात." तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं. "मग सांगून टाका. मी नाही म्हणणार नाही. फक्त एवढे दाणे संपवू द्या."

"पण वहिनी, घर एवढं मोठं आहे. खोल्या आहेत, त्यांना दारं आहेत."

"आहेत ना. मी आत गेले की वाजायला लागतात. मोजा कुठाय, चावी कुठाय, दुधाला विरजण लावलं का, हिशोबाचा चष्मा पाहिलास का. कडी लावली तर बरं नाही का म्हणून विचारायला सगळं घर दारात. इथे कसं, कोणी काही मागत नाही. अडकलेल्या माणसाकडे कोण काय मागणार?" कुडुम्. "माझ्या हातात असलेली हीच एक खोली. तीसुद्धा मेली वरखाली होते."

लिफ्टवाल्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. कडी लागलेली होती. बादलीशेजारी थर्मास होता. त्याचा राग कधी उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तो जिन्याने खाली तिसऱ्या मजल्यावर आला तेव्हा शेठ हातात फोन घेऊनच उभा होता. "सापडलं? की लावू साहेबांना?"

लिफ्टवाल्याने खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. इतक्यात लिफ्ट आपोआप सुरू झाली, वर आली, आणि शेठची बायको मान खाली घालून बाहेर पडली. तिचा दुसरा पायही अजून लिफ्टबाहेर आला नव्हता. मुलगी म्हणाली, "आई, माझी वही!" धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, शर्टाचं बटण!" शेठ स्वतः, त्या भल्या माणसाने फोन कानाकडे नेता नेता म्हटलं, "अगं, चहा टाक ना, हे आलेत." ती "हो" म्हणाली, "हो" म्हणाली, "हो" म्हणाली.

"सापडला दोष," लिफ्टवाला म्हणाला.

"काय म्हणता!"

"सोपा होता. माझ्याच लक्षात यायला उशीर झाला. लिफ्टला विश्रांती कमी पडते." एकदा थाप सुरू झाली की तिला पाय फुटतात, लिफ्टवाला तिच्यामागून धावू लागला. "दिवसभर गठ्ठे, माणसं, रुमालवाले. दुपारी तासभर तिला उभी ठेवायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. तिथे दोरांना बरं पडतं."

शेठने डोळे बारीक केले. शेवटी व्यापारी माणूस. "रिकामीच ठेवायची ना?"

"छे छे. वजन हवं आत."

"मग कापडाचा गठ्ठा ठेवतो."

"गठ्ठा लिफ्ट मध्येच थांबवणार कसा आणि परत सुरू करणार कसा? माणूसच हवं."

"मग दुकानातला नोकर बसवतो."

लिफ्टवाल्याला घाम फुटला. "नोकर आज एक, उद्या एक. वजन बदललं की अडकणं परत सुरू. मला सांगा, आजवर अडकलं कोण?"

"हीच की."

"मग मशीनला यांच्या वजनाची सवय झालीय. आता ती मोडू नका."

"हे तुमच्या कंपनीच्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकं शहरातल्या लिफ्टांची. तिथे कुठली आलीय विश्रांती? म्हणून तर तिथल्या सारख्या बंद पडतात."

हे मात्र शेठला मनापासून पटलं. शहराबद्दल वाईट काही असलं की ते गावात लगेच पटतं. तो स्वयंपाकघराकडे वळून जरा अपराधी आवाजात म्हणाला, "ऐकलंस का गं? रोज तासभर बसावं लागेल तुला आत. जमेल का?"

भांड्यांचा आवाज थांबला. शेठची बायको दारात आली. तिने लिफ्टवाल्याकडे पाहिलंच नाही. "रोज?" ती म्हणाली, आणि एक खोल सुस्कारा सोडला. "आता काय करणार. घरासाठी करायलाच हवं."

चहा झाला. चहात साखर दुप्पट होती. शेठने साहेबांना फोन लावून लिफ्टवाल्याचं असं काही कौतुक केलं की तो कानापर्यंत लाल झाला. निघताना शेठची आई म्हणाली, "थांबा, मी येते खालपर्यंत. जिना नको, लिफ्टनेच जाऊ. दुरुस्त झालीय ना?"

दोघं लिफ्टमध्ये शिरले. जाळी लागली, लिफ्ट निघाली. तिसरा मजला सुटला आणि म्हातारीने सरावलेल्या हाताने दार सरकवलं. बरोबर चार बोटं. लिफ्ट थांबली.

लिफ्टवाल्याने दाराकडे बोट केलं. "आजी, हे..."

"माझे गुडघे गेलेत, डोकं नाही," म्हातारी शांतपणे म्हणाली. "दाण्याची टरफलं झाडायला मीच येते. बाहेर उभी राहून ओरडते ती काय हौस म्हणून? नाहीतर सगळे जिन्यात गोळा होतील. माझ्या वेळी लिफ्ट नव्हती. मी आपली धान्याच्या कोठीत जाऊन बसायचे, उंदीर बघते म्हणून. त्या घरात एकही उंदीर नव्हता हो."

"मग आजी, माझं काही चुकलं का?"

"चुकलं कसं? छान सांगितलंत. एवढंच विचारायचं होतं." तिने जाळीबाहेरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि क्षणभर ती कोणाची आई नव्हती, कोणाची सासू नव्हती. "रविवारी दुकान बंद असतं. रविवारी माझं वजन चालेल का?"

लिफ्टवाल्याने गंभीरपणे तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रविवारी मशीनला हलकंच वजन लागतं, आजी. मी सांगून ठेवतो."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि तिने दार लावलं.

स्टँडवर येताना न्हावी, सायकलवाला, म्हातारबुवा, सगळ्यांनी त्याला अडवलं. विश्रांती कमी पडत होती, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. म्हातारबुवा म्हणाले, हे मी आधीपासून सांगत होतो. बसला वेळ होता. लिफ्टवाला चहावाल्याच्या बाकावर बसला, पेला हातात घेतला, आणि सकाळी बायकोला काय बोललो ते त्याला आठवलं. चार शर्ट. एक तास. आपल्या इमारतीच्या गच्चीच्या दाराला पलीकडून कडी आहे का, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने घरी फोन लावला. मुलीने उचलला.

"आईला दे."

"आई गच्चीवर आहे, कपडे काढायला गेलीय. किती वेळ झाला, अजून येतच नाही. हाक मारू का जोरात?"

"नको," लिफ्टवाला म्हणाला. "अजिबात मारू नकोस. आणि कोणी विचारलं ना, तर सांग, ती अडकलीय."