वाकण्याचं माप

"आता परत खाली वाका," सायकलवाला म्हणाला.

डॉक्टर वाकले. मागचं चाक स्टँडमध्ये अडकवलेलं, पेडल जागच्या जागी फिरतंय, आणि हॅन्डलच्या खालच्या वळणापर्यंत हात पोचता पोचता डॉक्टरांच्या तोंडून एक 'आई गं' निसटलंच.

"मान?"

"मानेचं विचारूच नका."

"आणि बोटं?"

"बोटं आहेत की गेली तेच कळत नाही. घाट सुरू व्हायच्या आधीच मुंग्या! एवढी माझ्या अंगावर बेतून घेतलेली सायकल, आणि तुम्ही माप चुकवलंत. सरळ कबूल करा ना."

सायकलवाला सभ्य माणूस. त्याने गुडघ्याचा कोन पाहिला, सीट पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं.

"सर, माप घेतलं त्या दिवशी तुम्ही याच्याहून खाली वाकत होता. थोडं वर ठेवू, असं मी म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्याची सायकल करू नका."

"मग आता करा वर!"

"हॅन्डल ज्या नळीवर बसतं ती कापलीय. हॅन्डल उंच ठेवणाऱ्या चकत्या वर दिसतात म्हणून तुम्हीच कापायला लावलीत. आता फार तर वर वळलेला जोड लावता येईल."

"तो गाढवाच्या मानेसारखा दिसतो तो?"

"तोच."

डॉक्टर सायकलवरून उतरले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि रागवावं असं समोर कुणीच नव्हतं. कारण खरी गोष्ट त्यांना ठाऊक होती. माप द्यायच्या आधी महिनाभर ते पहाटे उठून बैठकीच्या खोलीत पायाचे अंगठे पकडत होते. त्या दिवशी तर गरम पाण्याने अंग शेकून, वर दुखण्याची एक गोळी घेऊन गेले होते. माप झालं, आणि अंगठे पुन्हा कुणी पकडले नाहीत.

बायकोला हे कळलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीत बसली होती. "अहो, तुमचे पेशंट कसे, वर्षभर काही करत नाहीत आणि तुमच्याकडे दात दाखवायला यायच्या दिवशी सकाळी खसाखसा दात घासून येतात! त्यांच्या नावाने तर घरी येऊन शंख करता."

हसली, पण सायकलीची किंमत ऐकूनही ती काही बोलली नव्हती. ही सायकल कशासाठी आलीय ते तिला माहीत होतं. मुलीला परदेशी जायचं होतं, चांगली नोकरी होती, आणि तिने निघायची तारीख दोनदा पुढे ढकलली होती. आधी काय तर हवामान, मग काय तर कागदपत्रं. सगळ्या थापा. गेल्या वर्षी दोघं सायकलने घाट चढत असताना डॉक्टर मागे पडले, तेव्हा ती अर्ध्या वाटेवरून खाली आली आणि त्यांचा चेहरा बघून घाबरली. तेव्हापासून तिचं हे सुरू होतं. "बाबा, बीपी बघितलंस?" "बाबा, जिना सावकाश." एकदा तिच्या बरोबरीने घाट चढून दाखवला की तिच्या डोक्यातलं खूळ जाईल आणि ती निर्धास्त निघेल, असा डॉक्टरांचा हिशेब होता.

गाढवाची मान न लावताच त्यांनी रविवारी सायकल बाहेर काढली.

पहिला चढ झकास गेला. मुलगी शेजारी होती. तिच्याकडे डॉक्टरांचीच जुनी, उंच हॅन्डलची सायकल. ती काहीबाही बोलत होती, डॉक्टर हो-नाही करत होते. दुसऱ्या वळणावर बोटं गेली. तिसऱ्यावर मान. गिअर बदलायला गेले तर अंगठा हलेना. त्यांनी कुणाचंही नाव न घेता एक सणसणीत शिवी हासडली.

मुलगी पुढे होती. तिने मागे पाहिलं आणि सायकल वळवली.

"दमलास?"

"दमतोय कसला! हात बधिर झालेत. फुप्फुसं ठणठणीत आहेत माझी."

"बरं. आपण परत जाऊ या."

"अजिबात नाही."

"मग बदलू सायकली. उंची सारखीच आहे आपली. तू ही घे."

डॉक्टर तोंड वाकडं करून उतरले. जुन्या सायकलीवर बसले, आणि हात आपोआप जागेवर गेले. पाठ सुटली. मान वर झाली, झाडं दिसली. असा संताप आला त्यांना त्या आरामाचा!

मुलीने नव्या सायकलीवर टांग टाकली, वाकली, आणि तिची पाठ अगदी सपाट झाली. महिनाभर पहाटे उठून डॉक्टरांनी जी पाठ उसनी आणली होती, ती हिच्याकडे घरचीच होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "बाबा, ही पळते!"

ती पळालीच. दोन पेडल मारेपर्यंत पुढच्या वळणापाशी. डॉक्टरांनी जोर लावला, पाय जड झाले, धाप लागली. आता हाताचं निमित्त नव्हतं, मानेचं नव्हतं, मापाचंही नव्हतं. ते मागे पडत होते, बस्स.

वर वळणावर ती थांबली. वळून खाली पाहू लागली. एक पाय जमिनीवर टेकला, आणि हॅन्डल हळूहळू उताराकडे फिरलं.

"येऊ नकोस!" डॉक्टर ओरडले. आवाज घाटात एवढा मोठा झाला की त्यांनाच दचकायला झालं.

"काय?"

"खाली येऊ नकोस म्हणतोय! मी आपला असाच येणार, सावकाश. मला हे एवढंच जमतं. तू जा!"

ती तशीच उभी राहिली. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता.

"अगं जा ना!" डॉक्टर पुन्हा ओरडले, आणि या वेळी आवाज फाटला.

हॅन्डल पुन्हा चढाकडे फिरलं. ती सीटवरून उठली, वाकली आणि वळणाआड गेली.

डॉक्टरांनी सगळ्यात हलका गिअर टाकला.